बटाट्याचा करपा आणि समुद्रापार गेलेली घरं

प्रश्न : बाई, यंदा आमच्या बटाट्याला करपा लागला. औषध आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, याच रोगानं आयर्लंडची गावंच्या गावं अमेरिकेला गेली. ७२ च्या दुष्काळात आमचे आजोबाही कोल्हापूरकडं कामाला गेले होते. पाऊस झाल्यावर परत आले. मग ती माणसं बायकापोरांसह कायमची का गेली?
— एक शेतकरी, कडोली (ता. बेळगाव)

उत्तर : दुकानदाराचं खरं आहे, रोग तोच. १८४५ मध्ये तो आयर्लंडात पोचला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ सगळं पीक कुजलं. पण तुम्ही परतण्याचं विचारलंत, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आजोबा परतले, कारण परतायला रान होतं.

तिकडं बहुतेक कुटुंबं जमीनदाराच्या रानाचा तुकडा खंडानं कसत. ओट, गहू विकून खंड भरायचा आणि पोटाला बटाटा, सोबत ताक. कामाचा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, तेही बहुतेक ‘लंपर’ या एकाच वाणाचे. १८४७ ला रोग कमी होता, पण बियाणंच खाऊन संपलं होतं, लागवड होणार कशी? त्याच वर्षी आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जात होतं. वर्गात हा धडा शिकवताना दरवेळी माझा आवाज चढायचा.

आता कायदा बघा. १८४७ मध्ये ठरलं, पाव एकराहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबानं दहा गुंठ्यांवर जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. मुलांना खायला घालायचं तर रान सोडा! शिवाय छोट्या कुळांच्या जमिनीवरचा गरिबांसाठीचा कर जमीनदारालाच भरावा लागे. कूळ हटवलं की कर वाचे. मग कुळं बाहेर काढून, ती परत येऊ नयेत म्हणून घरांची छपरं पाडली गेली. गडी एकटा जाऊन पैसे पाठवील, तर ते कुठल्या घरी? म्हणून सगळं बिऱ्हाडच निघालं.

अगदी कफल्लक होते ते जाऊ शकले नाहीत, ते तिथंच मेले. ज्यांच्याकडं विकायला गाय, डुक्कर होतं त्यांनी बोटीचं भाडं जमवलं. काहींचं भाडं जमीनदारानंच भरलं. रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोकस्टाउनच्या डेनिस माहोननं १८४७ मध्ये सुमारे दीड हजार माणसं अशी काढली. ती डब्लिनपर्यंत चालत गेली, तिथून लिव्हरपूल आणि मग क्वेबेक, कारण न्यूयॉर्कपेक्षा कॅनडाचं भाडं स्वस्त. बोटींत टायफस, म्हणजे उवांतून पसरणारा जीवघेणा ताप, पसरला. क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून जास्त माणसं पुरली.

त्या सात-आठ वर्षांत सुमारे दहा लाख मेले आणि तेवढेच, किंबहुना जास्तच, देश सोडून गेले. जे तगले त्यांनी मजुरीतून भावाचं, बहिणीचं तिकीट काढून पाठवलं. म्हणून पिकं सावरल्यावरही जाणं थांबलं नाही. १८४१ मध्ये आयर्लंडात ८२ लाखांच्या आसपास माणसं होती, १९०१ मध्ये ४५ लाखांच्या आत उरली.