पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस इजिप्तीच का? अल्बोपिक्टसपासून तो वेगळा कसा ओळखायचा?

पायांवरून ठरवायचं आधी सोडा. कुंडीखालच्या ताटलीजवळ मारलेल्या डासाचा फोटो पाठवून, त्याच्या पायांवर पट्टे आहेत, म्हणजे तो इजिप्तीच ना, असं तुम्ही विचारलंय. इजिप्ती आणि अल्बोपिक्टस या एडिस डासाच्याच दोन जाती, आणि पट्टे दोघांच्याही पायांवर असतात. मागच्या पावलाचं शेवटचं पेर दोघांचंही पांढरं, पोटावरचे आडवे पट्टेही दोघांना. 'पांढऱ्या पट्ट्यांचा डास' एवढंच शिकवणाऱ्या पोस्टरांशी माझं जुनं वैर आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

पाठ बघा. डोक्यामागे, पंखांच्या मुळांमध्ये जो कुबडासारखा भाग असतो, तो वरून बघायचा. अल्बोपिक्टसच्या काळ्याभोर पाठीवर मधोमध एकच चंदेरी रेघ असते, पुढे ठळक आणि मागे निमुळती होत जाणारी. हातावर बसलेल्या डासावर ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इजिप्तीला मधली अशी जाड रेघ नसते. त्याच्या दोन्ही कडांना विळ्यासारख्या वळलेल्या पांढऱ्या रेघा आणि मध्ये दोन बारीक समांतर रेघा असतात. त्या बघायला 10 पट मोठं दाखवणारं भिंग लागतं.

घोळ होतो तो इथेच. या रेघा म्हणजे कातडीचा रंग नव्हे, वर चिकटलेले खवले आहेत. फुलपाखराच्या पंखावरच्या भुकटीसारखे ते बोट लागलं की जातात. चापटीने मेलेल्या डासाची पाठ टकली होते, पायांचे पट्टे मात्र बऱ्याचदा टिकतात. म्हणून सगळे पायांवर बोट ठेवून मोकळे होतात.

एकदा तपासायला सात माद्यांची बाटली आली. सगळ्या स्पिरिटमध्ये बुडवलेल्या, वर चिठ्ठी: 'इजिप्ती, 7'. प्रवासात हिंदकळून साती पाठी साफ. पकडणाऱ्याचं म्हणणं एकच, पायांवर पट्टे आहेत ना, मग झालं. स्पिरिटमधल्या ओल्या खवल्यांवरून काही ठरवता येत नाही, म्हणून आधी माद्या टिपकागदावर वाळवल्या आणि मग चेहरा पाहिला. सोंडेच्या मुळाशी, मिशांच्या मध्ये एक छोटा उंचवटा असतो. इजिप्तीच्या मादीत त्यावर दोन चंदेरी ठिपके असतात, अल्बोपिक्टसचा उंचवटा निव्वळ काळा. सोंडेशेजारच्या दोन आखूड स्पर्शकांची टोकं दोघांचीही पांढरी असतात, त्यांना हे ठिपके समजू नका. मग मधल्या पायाची मांडी, पुढच्या बाजूने. इजिप्तीत तिच्यावर उभी पांढरी रेघ जाते, अल्बोपिक्टसमध्ये ती नसते. तिसरी खूण कुशीत, पंखाच्या मुळाखाली: पांढऱ्या खवल्यांचे दोन पुंजके इजिप्तीत सुटे असतात, अल्बोपिक्टसमध्ये जोडून इंग्रजी व्हीसारखे दिसतात. सातांपैकी पाच अल्बोपिक्टस निघाल्या, एक इजिप्ती. सातवीचा चेहराही गेला होता, मधले पायही. तिच्यापुढे 'एडिस, जात अनिश्चित' लिहिलं. यावरून वाद झाला, पण अंदाजाने जात लिहिण्यापेक्षा हे लिहिणं केव्हाही बरं.

पकडायचा असेल तर बसलेल्या डासावर टेस्ट ट्यूबचं तोंड हळूच ठेवा, कापसाचा बोळा लावा आणि नळी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मग डास पांढऱ्या कागदावर काढून टॉर्च तिरका धरा. समोरून फ्लॅश मारला की चंदेरी खवले चकाकतात आणि सगळी पाठ पांढरी दिसते. मोबाइलला मॅक्रो भिंग लावून दोन फोटो काढा, एक सरळ वरून, एक कुशीचा. ठेवायचा असेल तर सिलिका जेलच्या डबीत, टिश्यू पेपरवर. कापसाच्या धाग्यांत पाय अडकून तुटतात, आणि सिलिका नसेल तर पावसाळ्यात बघता बघता बुरशी येते. ताटलीत अळ्या असतील तर त्याच पाण्यासकट बरणीत ठेवून तोंडाला जाळी बांधा. डास बाहेर आल्यावर एक दिवस थांबा, पाठ कोरी करकरीत मिळेल.

एवढा खटाटोप कशाला? डेंगू आणि चिकुनगुनिया दोघेही पसरवतात, पण पाणी शोधायची जागा बदलते. इजिप्ती घरातला: कूलर, पिंप, टाकी, पडद्यामागचा अंधार. अल्बोपिक्टस बागेतला: झाडाची ढोली, बांबूचं खोड, नारळाची करवंटी. 2007 मध्ये केरळात चिकुनगुनिया पसरवण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि रबराच्या मळ्यांत चीक धरायच्या वाट्यांतलं पावसाचं पाणी त्याला आयतं मिळालं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबर लावणाऱ्यांनीही या वाट्या पावसात उपड्या ठेवाव्यात. तिथे घरात फवारून काय साधणार?

राहिलेलं थोडं. चेहऱ्याची खूण फक्त मादीची आहे. मिशा झुपकेदार असतील तर तो नर, त्यात या खुणेवर विसंबू नका. पाठीवर रेघच नाही पण छोट्या पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या आहेत, तर तो एडिस व्हिटाटस. कोकणात सड्यावरच्या कातळातल्या खळग्यांत तो सापडतो. मोठा काळा डास, सोंड खाली वाकलेली आणि पायांवर एकही पट्टा नाही, असा दिसला तर तो आर्मिजेरिस, सेप्टिक टँकवाला. आणि जात कळली तरी त्या डासात विषाणू आहे की नाही, हे भिंगातून दिसत नाही.

तुमच्या फोटोत पाय सुरेख आलेत आणि पाठ चिरडलेली आहे, त्यामुळे जात सांगत नाही. पुढचा डास नळीत पकडा.