एक्स-रे क्लिअर आला, तरी घरी का सोडलं नाही?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही डिचोलीला राहतो. सुट्टीत माहेरी सत्तरी तालुक्यात गेलो होतो तेव्हा माझा पाच वर्षांचा मुलगा व्हाळात (ओढ्यात) घसरून पडला. भावाने लगेच ओढून काढलं, पण पाणी नाकातोंडात गेलं होतं, खूप खोकला, एक उलटी पण झाली. १०८ने हॉस्पिटलात नेला, छातीचा एक्स-रे क्लिअर आला तरी रात्रीपर्यंत ठेवून घेतला. आता तो बरा आहे, पण शेजारी सांगतात पाणी आत राहिलं तर आठवड्यानेसुद्धा मूल दगावतं. परत एक्स-रे काढू का, की सीटी स्कॅनच करू?

उत्तर : ताई, त्यांनी ठेवून घेतलं ते अगदी बरोबर केलं, आणि आता दोन्ही नको.

झालं काय ते समजून घ्या. फुफ्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा थर असतो, त्याच्यामुळे त्या उघड्या राहतात. पाणी आत गेलं की, अगदी थोडं गेलं तरी, हा थर बिघडतो, पिशव्या मिटायला लागतात, आत द्रव झिरपतो आणि रक्तात ऑक्सिजन कमी पडतो. हे सगळं व्हायला कधी कधी काही तास लागतात. म्हणजे कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या काढलेला एक्स-रे स्वच्छ असला तरी पुढे मुलाला धाप लागू शकते. उलटंही होतं, फिल्मवर पांढरे डाग दिसतात आणि मूल मात्र मजेत खेळत असतं! म्हणून एकट्या फिल्मवर घरी सोडायचं की नाही हे ठरवत नाहीत.

मग बघतात काय? मिनिटाला श्वास किती, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, स्टेथोस्कोपने छातीत करकर ऐकू येते का, बाहेरून ऑक्सिजन न लावता बोटाच्या मशीनवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किती, मूल नीट जागं आहे का. साधारण सहा ते आठ तास हे परत परत तपासून सगळं ठीक असलं तर घरी पाठवतात, आणि सुरुवातीपासून काहीच त्रास नसलेल्या मुलाला तर बरेचदा एक्स-रेची गरजच नसते, तेव्हा नाही काढला म्हणून कोणी डॉक्टरशी भांडू नका. खोकला थांबत नाही, धाप आहे, सॅच्युरेशन कमी आहे, मूल गुंगीत आहे किंवा श्वासनलिकेत नळी घातलीय, तेव्हा मात्र एक्स-रे हवाच, पण तोसुद्धा ऑक्सिजन सुरू केल्यावर, फिल्मसाठी ऑक्सिजन थांबवायचा नाही. छातीचा सीटी सरसकट करत नाहीत, मुलाला उगाच जास्तीचं रेडिएशन कशाला.

आठवड्याने दगावतं म्हणतात ते मनातून काढून टाका. व्हॉट्सअॅपवर फिरणारे ड्राय ड्राउनिंग, सेकंडरी ड्राउनिंग (म्हणजे पाण्यातून काढल्यावर उशिरा ‘बुडणं’) हे शब्द वापरू नका असं तज्ज्ञच सांगतात, २००२ साली अॅमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत बुडण्याची एकच व्याख्या ठरली ती त्याचसाठी. ज्यांची तब्येत बिघडते त्यांना पहिल्या काही तासांतच खोकला, धाप असं काहीतरी दिसतं. तुमचा मुलगा खातोय, खेळतोय ना? मग झालं. ताप आला, खोकला वाढला किंवा श्वास जोरात चालला तर मात्र लगेच दाखवा.

एक गोष्ट मला फार लागते म्हणून सांगतो. अजूनही गावात मुलाला उलटं धरून पोट दाबतात. कृपा करून नको! त्याने फुफ्फुसातलं पाणी निघत नाही, उलटीच घशात जाते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, दुसऱ्याने १०८ लावायचा. आणि कलंगुटच्या किनाऱ्यावर काय, कोलव्याच्या काय, लाईफगार्डने काढलेलं मूल खोकत असेल तर थेट घरी न नेता आधी हॉस्पिटल. तिथे गेल्यावर पाण्याखाली अंदाजे किती वेळ होता, बेशुद्ध झाला का, श्वास कोणी दिला, उलटी झाली का, हे न विचारता आपणहून सांगा, डॉक्टरला त्याचा फिल्मपेक्षा जास्त उपयोग होतो.