मुक्तिसंग्रामातल्या माणसांबद्दल लिहिताना

आपल्या तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी लिहायला घेतल्यास, फार बरं केलंस. ती पिढी जवळपास गेली; आता त्यांच्या लेकी-सुना, शेजारीपाजारी गाठ. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, हे सगळेच लिहितात. तू पुढचं विचार. संस्थानाच्या सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते; तिथून परतल्यावर या सैनिकानं गावात काय केलं? शाळेला जागा कोणी दिली, वाचनालयाची किल्ली कोणाकडे असायची, १९७२च्या दुष्काळात खडीच्या कामावर मजुरांच्या पगारासाठी कोण भांडलं? माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथंच सापडतं. आणि रात्री-बेरात्री भाकरी बांधून देणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बायांची नावं आवर्जून माग. सन्मानपत्रांवर ती बहुधा नसतात. बोलणं त्यांच्याच बोलीत उतरव. तारखा मात्र पेन्शनच्या कागदांशी ताडून बघ.