ऊन आलं, झोप गेली

स्टॉकहोमजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय. त्यात काळज्याही चारच आहेत. त्यातल्या तिघींना मी शेवटी दोन-दोन ओळी देणार आहे. चौथी तिने तिसऱ्या पानाच्या तळाशी जाता जाता लिहिली आहे, आणि माझ्या मते खरं पत्र तेवढंच आहे.

ती लिहिते, "ताई, डिसेंबर-जानेवारी कसेबसे काढले. सगळे म्हणायचे, ऊन आलं की बरं वाटेल. आता एप्रिल संपत आला, ऊन आलंय. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधले सगळे भिंतीला टेकून उन्हात तोंड धरून बसतात आणि मला वाटतं, घरी जाऊन पडदा ओढावा. रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही, पहाटे साडेचारला जाग येते. पाडव्याला गुढी उभारली, पण श्रीखंड चाखलंसुद्धा नाही. इतक्या सुंदर दिवसांत रडू येतं, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का?"

खोट नाही गं. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं, ते हिवाळ्यातलं होतं: खूप झोप, गोडाची आणि भाताची ओढ, अंग जड. पुढच्या काही वर्षांत त्याच मंडळींनी उलटा प्रकारही नोंदवला. ऊन वाढलं की सुरू होणारा, झोप आणि भूक दोन्ही पळवणारा, जिवाची तगमग करणारा. तुझं पत्र या दुसऱ्या वर्णनाच्या जवळ जातं. नाव काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता रागावते. व्हिटॅमिन डीवर तू पाऊण पान लिहिलंस आणि झोपेवर एक वाक्य! मी वर्षानुवर्षं झोपेबद्दल लिहितेय आणि आपली माणसं अजून तिला आळसाच्या खात्यात टाकतात. कोल्हापुरात वर्षातला सर्वांत लहान दिवस ११ तासांचा असतो आणि सर्वांत मोठा १३ तासांचा. तेवढ्या दोन तासांच्या फरकात तू वाढलीस. स्टॉकहोमला डिसेंबरात जेमतेम ६ तास उजेड असतो आणि जूनमध्ये साडेअठरा. म्हणजे या दिवसांत रोज पाच मिनिटांहून जास्त उजेड वाढतो, त्यात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं. डोळ्यांवर संध्याकाळी प्रकाश पडत राहिला की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, आणि पहाटेचा उजेड उरलेली झोप तोडतो. दोन्ही टोकांनी रात्र कुरतडली गेल्यावर मन थाऱ्यावर कसं राहील?

आणि तू लिहितेस, हिवाळ्यातल्या उदासीवर घेतलेला दहा हजार लक्सचा, म्हणजे प्रखर उजेडाचा दिवा "सवयीने अजून संध्याकाळी लावते". अगं, संध्याकाळी? आजच तो माळ्यावर टाक. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा काढू नकोस.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही इथे स्वीडनला आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, माझ्या यजमानांनी जेवण टाकलं. मीच म्हणायचे, "बाहेर इतकं छान ऊन आहे, जरा फिरून या, बरं वाटेल." प्रत्येक वेळी ते आणखी मिटत गेले. पहिल्या डॉक्टरांनीही उन्हाळा येतोय, आपोआप निवळेल म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. औषधं सुरू झाली, समुपदेशन झालं, आणि बेडरूमला काळे ब्लॅकआऊट पडदे लागले. सहा आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून पिठलं मागितलं. मग मला मिरजेचे माझे वडील आठवले. दर चैत्र-वैशाखात ते गप्प व्हायचे, रात्री अंगणात येरझाऱ्या घालायचे. घरात त्याला "उन्हाचा त्रास" म्हणायचे आणि कोकम सरबत द्यायचे. त्यांना कुणी झोपेचं विचारलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा खिडकीचं माप आजच घे. पडदा चौकटीच्या बाहेरपर्यंत आला पाहिजे, फटीतून येणारी एक रेघही पुरते. रात्री आठनंतर घरातले दिवे मंद कर. उठायची वेळ एकच ठेव, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर अर्धा तास बाहेर चाल. बर्च झाडाच्या परागकणांनी नाक चोंदत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, श्वास अडला तरी झोप मोडते. पंधरा दिवस वहीत दोनच आकडे लिही: कधी झोपलीस, कधी उठलीस.

वही भरायची वाट मात्र बघू नकोस. उद्याच वोर्दसेंट्रालला, म्हणजे तुमच्या भागातल्या दवाखान्याला फोन कर, वेळ मिळाली नाही तर ११७७ या आरोग्य-सल्ल्याच्या नंबरवर. डॉक्टरांना एक गोष्ट नक्की सांग: एखाद्या वसंतात तीन-चार तास झोपूनही अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं का, भराभर बोलणं, वारेमाप खर्च? तसं असेल तर उपचार वेगळे असतात, नैराश्याच्या नुसत्या गोळ्यांनी आणि त्या दिव्याने ते वाढू शकतं.

आणखी एक सरळ विचारते. जगणं नकोसं वाटतं का? बऱ्याच देशांत आत्महत्या काळोख्या हिवाळ्यापेक्षा वसंतात जास्त होतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, म्हणून विचारते. तसा विचार आला तर आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला, ९०१०१ वर फोन कर, जीव धोक्यात असेल तर ११२. नवऱ्याला आज रात्रीच सांग. "त्याला कशाला त्रास" हे तुझं वाक्य मी मान्य करत नाही.

राहिलेलं: व्हिटॅमिन डी रक्त तपासून घे, त्याने हे बरं होईल अशी आशा ठेवू नकोस. लेक स्वीडिशमध्ये उत्तर देते तर देऊ दे, तू मराठीतच बोलत राहा. सासूबाईंना मेऐवजी ऑगस्टच्या शेवटी बोलाव, तोवर रात्री पुन्हा काळोख्या होतात. त्यांच्या खोलीच्या खिडकीचंही माप घेऊन ठेव.