घरावर कर्ज काढण्याआधी डिग्रीचं नाव नीट वाचा

ताई, तुमची मुलगी सॅन दिएगोजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे एरवी पहिली दोनच वर्षं शिकवणाऱ्या स्वस्त सरकारी कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने बायोमॅन्युफॅक्चरिंगची (जिवंत पेशींपासून औषधं बनवण्याची) बॅचलर डिग्री सुरू केली, नवी लॅब बांधली, आणि तिला तिथेच पुढे शिकायचंय. यजमानांचं म्हणणं, यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सॅन दिएगोला प्रवेश मिळालाय तर तिकडेच जाऊ दे, कमी पडेल ते घरावर कर्ज काढून भागवू. तुमच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करमुक्त बचतखात्यात) ४८,००० डॉलर, दोघांचं उत्पन्न १,४५,०००, धाकटा नववीत.

घरावर कर्ज काढू नका, हे आधीच सांगते. तशी वेळ तुमच्यावर आलेलीच नाही.

यूसीची फी वर्षाला १५,००० डॉलरच्या आसपास. दोन वर्षांची फी ५२९ मधूनच निघते. वर्षाला ४०,००० च्या वर आकडा जातो तो हॉस्टेल आणि खाणं धरून. म्हणजे घरात वाद यूसीवरून चाललाय, पण पैसे अडतात ते हॉस्टेलपाशी. घरून जाऊन-येऊन करणं अगदीच अशक्य असेल तर फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) भरून तिच्या नावाने सरकारी कर्ज मिळतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षाला प्रत्येकी ७,५०० पर्यंत. त्यासाठी घर गहाण पडत नाही.

कम्युनिटी कॉलेजात वरच्या दोन वर्षांना युनिटमागे नेहमीचे ४६ अधिक या डिग्रीचे जादा ८४, असे १३० डॉलर पडतात. वर्षाला ३० युनिट म्हणजे ३,९००. पुस्तकं धरली की ४,००० पार. इथे बरेच पालक चुकतात, सगळं ५२९ मधून भरून मोकळे होतात. तुम्ही हे ४,००० बँकेतल्या बचतीतून भरा. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या करसवलतीचे २,५०० डॉलर टॅक्समध्ये सुटतील; ५२९ मधून भरलेल्या खर्चावर ती मिळत नाही. जोडप्याला ते १,६०,००० च्या उत्पन्नापर्यंत पूर्ण मिळतं, तुम्ही त्यात बसता. यूसीला गेली तरी हेच करा.

आता पैशांपेक्षा महत्त्वाचं. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने १५ कॉलेजांत या डिग्र्यांचा प्रयोग करायला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये तो कायमचा केला. अट अशी, की यूसी किंवा सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) जी डिग्री आधीपासून आहे ती कम्युनिटी कॉलेजने द्यायची नाही. म्हणून ही यूसीच्या बायॉलॉजीची स्वस्त आवृत्ती नाही, वेगळीच वाट आहे. बायोरिॲक्टर (पेशी वाढवायची टाकी), क्लीनरूम (धूळ-जंतू येऊ न देणारी खोली), बॅच रेकॉर्ड (प्रत्येक खेपेची नोंद), औषध कारखान्यात बनतं कसं आणि प्रत्येक वेळी तसंच कसं बनवायचं, याचं हे शिक्षण. तिच्या मनात मेडिकल किंवा पीएचडी असेल तर मी यूसीच म्हणेन, कारण त्यासाठी लागणारं ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स या अभ्यासक्रमात पुरेसं असेलच असं नाही. काउन्सेलरला विषयांची यादी समोर ठेवून विचारा.

नव्या इमारतीकडे पाहून निर्णय घेऊ नका. अशा इमारती बहुतेक वेळा मतदारांनी मंजूर केलेल्या बॉन्डमधून, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून फिटणाऱ्या कर्जातून, उभ्या राहतात. तुमचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघा, कॉलेजच्या नावाची ओळ बहुधा सापडेल. ते पैसे मुलगी कुठेही शिकली तरी जाणारच. त्यापेक्षा विचारा, आधीच्या बॅचची मुलं कुठे लागली, कुठल्या शिफ्टला, किती पगारावर. कॉलेजने उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर मला ते खटकेल.

५२९ मध्ये पैसे उरतील म्हणून महाग पर्याय घेऊ नका. उरलेले धाकट्याच्या नावावर करता येतात. खातं १५ वर्षांचं झालं की मुलीच्या रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचतखात्यातही आयुष्यभरात एकूण ३५,००० पर्यंत नेता येतात, मात्र दरवर्षी थोडे थोडे.

तुम्ही लिहिलंय, परवा जेवताना ती अर्धा तास सांगत होती, क्लीनरूमचा गाऊन जमिनीला न टेकता कसा चढवायचा. पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला तरी वाटतं तिला काय हवंय ते कळलंय, आणि मी तिला तिथेच राहू देईन. यूसीला होकार द्यायची मुदत १ जून आहे. त्याआधी एक दुपार यजमानांना घेऊन त्या लॅबमध्ये जा, आणि तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी त्यांना निवांत बोलू द्या.