भुयार, सुरुंग, पेव: जमिनीखालच्या खोल्यांची नावे

प्रश्न (चाळीसगाव): भुयार, तळघर आणि तहखाना यांत फरक काय? मुळात शब्द एकच आहे का?

शब्द तीन आणि घराणीही वेगळी. 'भुयार' आले संस्कृत 'भूमिगृह'वरून, वाटेत प्राकृतात ते 'भूमिहर' झाले. गुजरातीत त्याचेच 'भोंयरुं' झाले, आणि तिकडे त्याचा अर्थ राहायची, सामान ठेवायची खालची खोली असाच राहिला. मराठीत मात्र भुयार म्हटले की एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघायची वाट डोळ्यांपुढे येते. मग खोलीसाठी 'तळघर' उरले. ळ चा य करणाऱ्या आपल्या बोलींत ते 'तयघर'. 'तहखाना' फारसी: तह म्हणजे तळ, खाना म्हणजे घर. म्हणजे तळघरच, फक्त दरबारी पोशाखातले.

प्रश्न (अमळनेर): आम्ही विहिरीला सुरुंग लावतो, हिंदीवाले बोगद्याला सुरंग म्हणतात. बरोबर कोण?

दोघेही, पण बोगदा हा अर्थ जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या निवासाचे वर्णन आहे. त्यात जमिनीखालचे 'भूमिगृह' सुचवले आहे: दार जवळच्या चैत्यातल्या लाकडी देवमूर्तीआड लपवलेले आणि आतून निसटायला अनेक 'सुरुंगा'. हा शब्द ग्रीक 'सिरिंक्स'वरून, म्हणजे पोकळ नळीवरून, आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. दवाखान्यातली सिरिंज त्याच कुळातली, म्हणजे तुमच्या विहिरीतल्या सुरुंगाची ती लांबची बहीण!

पुढे वेढा घालणाऱ्या फौजा तटाखाली अशी वाट खणून तिच्यात दारू ठासू लागल्या. बत्ती दिली की बुरूज खाली. वाटेचे नाव हळूहळू स्फोटालाच चिकटले. मुरूम संपून काळा पाषाण लागल्यावर आपण भोके पाडून दारू भरतो, तिथे चालत जायची वाट कुठली? तरी सुरुंगच. निवडणुकीत 'बालेकिल्ल्याला सुरुंग' असे मथळे येतात, त्यांत मात्र वेढ्याचा मूळ अर्थ शाबूत आहे.

प्रश्न (पारोळा): आमच्या किल्ल्यातून नागेश्वराच्या देवळापर्यंत भुयार आहे म्हणतात. खरे असेल का?

पारोळ्याचा भुईकोट जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी 1727 मध्ये बांधला. देऊळ गावापासून काही कोसांवर. एवढे लांब भुयार खणायचे तर हवेची सोय हवी, आणि ती जमिनीवर दिसल्यावाचून राहत नाही. जुन्या खानदेशातल्याच बऱ्हाणपूरला जाऊन पाहा. तिथला कुंडी भंडारा 1615 चा. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणलेले आहे, आणि त्या वाटेवर ठरावीक अंतराने शंभरावर कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, उघड्यावर दिसतात. पारोळा ते नागेश्वर अशी उभ्या विहिरींची रांग कुणी दाखवली तर मी मत बदलीन. तोवर मला ती ऐकीव गोष्टच वाटते. किल्ल्यांतली पुष्कळ 'भुयारे' जवळून पाहिली तर दारूकोठार, धान्याची कोठी नाहीतर चोरदरवाजाची वाट निघते.

प्रश्न (शिंदखेडा): जुन्या वाड्याच्या अंगणात पेव सापडले. उतरून पाहू का? 'पेव फुटणे' यातलेच का?

हो, तेच. पेव म्हणजे जमिनीतला साठवणीचा खड्डा: तोंड अरुंद, पोट मोठे, आत धान्य. आता मात्र बातम्यांत क्लासेसचे पेव फुटते, धान्याचे नाही.

उतरण्याबद्दल सांगायचे तर घाई नको. बंद पेवात धान्य प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड भरते. किडे त्यानेच मरतात, माणूसही मरतो. तोंड उघडून बराच वेळ वारा जाऊ द्या. जुने लोक आधी पेटता कंदील सोडत. तो विझला तर उतरायचेच नाही. पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असेही समजू नका. अग्निशमन दलाला बोलवा आणि एक गेला म्हणून दुसऱ्याने मागून उडी घेऊ नका.