पुरावा मागू नकोस

प्रिय मुली,

तुझा परवाचा निरोप तीनदा ऐकला. आवाजावरून वाटलं, तू रागावली आहेस त्यापेक्षा दुखावली आहेस. तुझ्या गाईड मुलींच्या सत्कृत्याच्या २८ वह्यांपैकी १९ वह्यांत तेच वाक्य: आज एका आजींना रस्ता ओलांडायला मदत केली. त्यातल्या एकीने तर ज्या रविवारची नोंद केली त्या रविवारी ती पुण्यातच नव्हती, हे तिच्या आईनेच तुला सहज बोलता बोलता सांगितलं. मग तू मला विचारलंस, बाई, यांना खरेपणा शिकवू तरी कसा? आणि मी काही म्हणायच्या आत उपायही सांगून टाकलास. सोमवारपासून सत्कृत्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी वहीवर पालकांची सही आणायची.

हे करू नकोस. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण एवढं ऐक. फोटो मागू नकोस, सही मागू नकोस, पुरावा मागू नकोस.

जरा डोळ्यांसमोर आण. तेरा वर्षांची मुलगी लक्ष्मी रस्त्यावर एका म्हाताऱ्या बाईंचा हात धरते, आणि तिची मैत्रीण मोबाइल रोखून म्हणते, आजी, जरा इकडे बघा. सिग्नल सुटतो. रिक्षा अंगावर येतात. आजी कावऱ्याबावऱ्या होऊन मध्येच थांबतात. आज ज्या १९ जणी वहीत खोटं लिहितायत, त्या उद्या खऱ्याखुऱ्या माणसाला हाताशी धरून खोटं करायला शिकतील. आणि ते शिकवणारी तू असशील.

गाईड कॅप्टनच्या बेसिक कोर्समध्ये तुला स्कार्फच्या गाठीबद्दल सांगितलं असेलच. सकाळी स्कार्फच्या टोकाला छोटी गाठ मारायची आणि दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगी पडलं की ती सोडायची. बस, एवढंच. गाठ का सुटली ते कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. ती गाठ फक्त जिने मारली तिलाच वाचता येते. आपण तिच्या जागी शंभर पानी वही आणली, तारखेचा आणि शेऱ्याचा रकाना आखला, आणि आता त्या रकान्यात मुली काय भरतात म्हणून रडतोय. रोज सकाळी आठ वाजता एक सत्कृत्य हजर कर म्हटलं, की मूल ते कुठून तरी आणणारच. नसेल तर शेजारणीच्या वहीतून आणेल.

विल्यम बॉइसची गोष्ट तू मुलींना सांगत असशील. नसशील तर सांग. १९०९ साली हा अमेरिकन प्रकाशक लंडनमध्ये वाट चुकला. एका मुलाने त्याला हव्या त्या ठिकाणी पोचवलं, आणि तो पैसे देऊ लागला तर 'मी स्काउट आहे' म्हणून ते नाकारले. पुढच्याच वर्षी बॉइसने अमेरिकेत स्काउटिंगची संघटना उभी केली. त्या दिवशी धुकं होतं की नव्हतं यावर लोक अजून वाद घालतात. त्या मुलाचं नाव मात्र आजवर कुणालाही सापडलेलं नाही. मला ती गोष्ट आवडते ती एवढ्यासाठीच. त्याच्या वहीत नोंद नव्हती.

आणि तू-मी ज्या चळवळीत आहोत ती तरी कशी सुरू झाली? त्याच १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउट मुलांचा मोठा मेळावा होता. तिथे काही मुली बोलावणं नसताना गणवेश घालून जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही कोण, म्हटल्यावर म्हणाल्या, आम्हीही स्काउट. त्यांच्याकडे ना कार्ड ना पत्र, नुसता शब्द होता. १९१० मध्ये मुलींसाठी गाईडिंग सुरू झालं आणि १९११ मध्ये ते आपल्याकडे जबलपूरला पोचलं. आळंदी रस्त्यावर 'संगम' आहे ना, गाईडिंगच्या जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ सालापासून आपल्या पुण्यात असलेलं? तिथे माझ्या मुलींना मी दर वर्षी न्यायची, आणि फाटकातून आत शिरण्याआधी हीच गोष्ट सांगायची. कुणीतरी तुमच्या वयाच्या मुलींचा शब्द खरा धरला, म्हणून ही इमारत आहे.

आता मुद्द्याचं बोलते. दीक्षाविधी आठव. शाळेची प्रतिज्ञा सगळे एका सुरात म्हणतात, रांगेत मागे उभं राहून नुसते ओठ हलवले तरी चालून जातं. गाईडचं वचन तसं नसतं. मुलगी एकटी पुढे येते, तीन बोटं वर करते, शीलाला स्मरून शब्द देते. त्यातही ती मी करीनच असं म्हणत नाही, शक्य तितका प्रयत्न करीन म्हणते. चुकायची मुभा वचनातच ठेवलेली आहे. आणि त्यावर कॅप्टन काय म्हणते? हे वचन तू पाळशील असा माझा तुझ्या शीलावर विश्वास आहे. म्हणजे त्या दिवशी ध्वजासमोर दोघी जणी शब्द देतात, एक ती आणि एक तू. तिने तिचा मोडला असेल, बारा-तेरा वर्षांची आहे. तू सोमवारी फोटो मागितलास, की तू तुझा मोडलास. आणि तू चोवीस वर्षांची आहेस.

गाईडच्या नऊ नियमांत पहिला नियम विश्वसनीयतेचा आहे. तो मुलींनी एकट्यांनी पाळायचा नियम आहे असं आपण धरून चालतो. पण कुणी विश्वास टाकल्याशिवाय कुणी विश्वसनीय होईल कसं, सांग मला.

हे मी कुठल्या शिबिरात शिकले नाही. १९९४ सालची दिवाळी. आमच्या कंपनीने, म्हणजे शाळेतल्या गाईड मुलींच्या पथकाने, खरी कमाईसाठी, म्हणजे स्वतःच्या कष्टाने पैसे मिळवायच्या उपक्रमासाठी, उटणं करायचं ठरवलं. बोहरी आळीतून मुलतानी माती, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी आणली. मुलींनी वर्गात जुने पेपर पसरून वस्त्रगाळ केलं, चार दिवस सगळा मजला त्या वासाने भरून गेला होता. पाच रुपयांना एक अशी ९० पाकिटं. पैसे ठेवायला मी घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता, तळाला वर्तमानपत्राचा कागद घालून. तो होता आठवीतल्या एका संघनायिकेकडे, म्हणजे कंपनीतल्या एका छोट्या गटाच्या प्रमुख मुलीकडे. गंभीर मुलगी, दोन घट्ट वेण्या, बोलायची कमी. विक्री संपल्यावर डब्यात ४५० हवे होते, निघाले ३९०.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, बाई, मी घेतले नाहीत. एवढंच म्हणाली. कशाला गेले ते तिला त्या क्षणी आठवेना, घाबरली होती. तेवढ्यात एका पालकांनी शंका बोलून दाखवली आणि माझा धीर सुटला. मी संघातल्या आठही मुलींना शिक्षक खोलीत उभं केलं आणि सगळ्यांची दप्तरं टेबलावर रिकामी करायला लावली. कंपास, डबे, एकीची चिंचेची गोळी, एकीचं बहिणीला लिहिलेलं पत्र. सगळं बाहेर आलं. पैसे नव्हते. त्या मुलीने आपलं दप्तर परत भरताना पुस्तकं आकाराप्रमाणे लावून भरली, सावकाश, एकेक करून. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मी डबा घासायला घेतला. तळाचा कागद उचलला तर खाली दुकानाची चिठ्ठी. कपूरकाचरी कमी पडली म्हणून तिने मधल्या एका संध्याकाळी आणखी आणली होती. साठ रुपये. हिशोबात लिहायचं राहिलं होतं, चिठ्ठी मात्र तिने जपून ठेवली होती, माझ्याच कागदाखाली.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिच्या आईने चहा केला. पण झडती सगळ्यांसमोर झाली होती आणि माफी बंद दाराआड. ती पुन्हा कंपनीत आली नाही. बऱ्याच वर्षांनी बसमध्ये एका बाईंनी उठून मला जागा दिली. मी बसल्यावर चेहरा ओळखीचा वाटला, तोवर त्या पुढच्या थांब्याला उतरून गेल्या होत्या. ती तीच होती, माझी खात्री आहे.

त्यानंतर मी मुलींच्या बाबतीत कधी पुरावा मागितला नाही. डबा मुलींकडे, किल्ली मुलींकडे, हिशोब मुलींनी फळ्यावर लिहायचा, चूक त्यांनीच शोधायची. पुढच्या अठरा वर्षांत तीन वेळा पैसे खरोखरच गेले. मी माझ्या पदरचे घातले. सहकारी म्हणायचे, बाई भोळ्या आहेत, पोरी त्यांना गुंडाळतात. मी भोळी नव्हते. तिसऱ्या वेळी कुणी घेतले ते मला कळलं होतं. मी पुढचा डबा तिच्याकडेच दिला, आणि तो पैशापैशासकट परत आला. दर वेळी असं होईल असं मी तुला सांगत नाही. एकदा डबा परत आलाच नाही. तरीही मी बरोबर होते असंच मला वाटतं, आणि या वयात मत बदलायची माझी तयारी नाही.

म्हणजे काहीच तपासायचं नाही का, असं तू विचारशील. तपास की. गाठ तपास. खांबाला दोरी बांधायची क्लोव्ह हिच गाठ घातली म्हणते ना, दोरी ओढून बघ. झोळी बांधली म्हणते, त्यात हात अडकवून चालून बघ. सिंहगडाच्या पायथ्याच्या शिबिरात माझ्या मुलींनी तीन बांबूंची तिवई बांधली होती. लॅशिंग, म्हणजे बांबू एकत्र आवळणारी दोरीची बांधणी, सैल होतं, मी दोनदा सोडायला लावलं, तिसऱ्यांदा त्या रडकुंडीला आल्या म्हणून चालवून घेतलं. रात्री वरणाचं पातेलं खाली आलं आणि बत्तीस जणी लोणचं-भात खाऊन झोपल्या. तिथे माझी माया आडवी आली, तिथे मी कडक राहायला हवं होतं. कसबाची परीक्षा जितकी कठोर घेशील तितकी थोडी. हाताने केलेल्या कामाची परीक्षा घे, मनाने दिलेल्या शब्दाची घेऊ नकोस. हा फरक कळायला मला तेरा वर्षं लागली, तुला तेरा दिवसांत कळावा म्हणून हे लिहीत बसले आहे.

गाईडच्या राज्य पुरस्काराच्या चाचणीला वह्या लागतात, हे मला माहीत आहे. वह्या भरल्या नाहीत तर चांगल्या मुली मागे राहतील म्हणून मीही एकदा एका रात्रीत चौदा वह्यांवर मागच्या तारखांच्या सह्या केल्या आहेत. त्या मुलींना जखम बांधता येत होती, नकाशा वाचता येत होता, चूल पेटवता येत होती. नव्हते ते कागद. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तू म्हणशील हेही खोटंच की. असेल. पण ते खोटं मी माझ्या अंगावर घेतलं, मुलींना लिहायला लावलं नाही. तुला हे पटायलाच हवं असं नाही.

आता सोमवारचं. २८ वह्या घे आणि न उघडता परत दे. त्यांना सांग, ही पद्धत माझी चुकली, रोजची नोंद बंद. कुणाचंही नाव घेऊ नकोस, त्या आजींचा विषयही काढू नकोस. त्या १९ जणींना ते बरोबर कळेल. मग स्कार्फला गाठ मारायला शिकव, आणि तू स्वतःच्याही स्कार्फला मार. आणि त्यांना खरं काम दे. मुलींना सत्कृत्य शोधत हिंडायला लावलं की त्या आजी शोधतात. पालख्या पुण्यात मुक्कामाला असायच्या तेव्हा मी मुलींना पाण्याच्या पिंपावर उभं करायची. एका वर्षी एक मुलगी जागा सोडून गायब झाली. परत आल्यावर मी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती काही बोलली नाही. अर्ध्या तासाने एक वारकरी आजी विचारत आल्या, मघाशी माझ्या पायाला तेल चोळणारी पोर इथलीच का, तिचा रुमाल माझ्याकडेच राहिला. त्या मुलीने रुमाल घेतला, खिशात घातला आणि परत पिंपाशी जाऊन उभी राहिली. मी तिची माफी मागितली, आणि या वेळी सगळ्यांसमोर मागितली. तेवढं तरी मी १९९४ नंतर शिकले होते.

तुझी खरी कमाई यंदा दिवाळीतच आहे ना? डबा कुणाकडे द्यायचा ते मी सांगते. जी पुण्यात नसताना आजींना रस्ता ओलांडून देत होती, तिच्याकडे दे. कारण सांगू नकोस, आणि मध्ये एकदाही मोजू नकोस. तुझ्या मनात धाकधूक होईल, होऊ दे.

डबा नवा घेऊ नकोस. माझा तो पत्र्याचा अजून आहे, जरा गंजलाय पण झाकण घट्ट बसतं. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. अकराच्या आत ये, नंतर मला दवाखान्यात जायचंय.

तुझी,
बाई